धाकू खलाशाची मलई

मस्कतमधल्या आमच्या दार्सैतच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं, की माझ्या, म्हणजे जयवंतीबाईंच्या, घरी दूध तापलं की वरची साय वाटीत भरून खाली खुदेजाकडे जाते. रोज सकाळी, न चुकता. खुदेजाला वाटायचं हा शेजारधर्म. तो होताच, पण खरं कारण दुसरं. लग्न होऊन सासरचा उंबरा ओलांडला त्याला अठ्ठेचाळीस वर्षं झाली, तेवढ्या वर्षांत मी सायीला बोट लावलेलं नाही. तूप विकत आणलं, लोणी विकत आणलं, पण घरात साय साठवली नाही. कारण जयगड खाडीच्या काठच्या आमच्या गावात आमच्या घराला म्हणतात मलईचोर.

हे नाव आलं यांच्या पणजोबांमुळे. त्यांचं नाव धाकू. इंग्रजांच्या आगबोटीवर खलाशी होता. चार वर्षांनी परत आला तो उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा डाग घेऊन. म्हातारपणी पडवीत बसायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला एकच वाक्य ऐकवायचा, "दिवसभर तोफा डागल्या, पण मलई काही हाताला लागली नाही." आणि हसायचा. बस, एवढंच. गावाला तेवढं पुष्कळ झालं. गावाने गोष्ट रचली, की धाकू कप्तानाच्या दुधावरची मलई चोरायला गेला, खानसाम्याने तापल्या पळीने हात भाजला आणि बोटीवरून हाकलून दिलं. मग तोफा कुठून आल्या? तर म्हणे म्हातारा बरळत असेल.

मी नवी नवरी म्हणून विहिरीवर गेले त्या पहिल्याच सकाळी रखमाने विचारलं, "काय गो, मलई पदरात लपवून आणलीस की डोक्यावर?" तिच्यामागे सात बायका हसल्या. त्यातली एकेक मला अजून आठवते. घरी येऊन यांना सांगितलं तर हेही हसले. माणूस सोन्यासारखा होता, पण अंगाला काही लावून घ्यायचा नाही. घरासाठी राग धरायचं काम मग माझ्याकडेच आलं आणि ते मी नीट केलं.

हे गेले. मग दयानंदने मला मस्कतला आणलं. माझा मुलगा एसी दुरुस्तीच्या कंपनीत सुपरवायझर आहे, सून सोनल दवाखान्यात नोकरी करते आणि नात आकांक्षा इथल्या इंडियन स्कूलमध्ये नववीला. विमान समुद्रावरून उडालं तेव्हा मी मनात म्हटलं, चला, मलईचोर पलीकडे राहिले.

दोन वर्षं सुखात गेली. आणि दोन हजार सोळाच्या मार्चमध्ये, दार्सैतच्या कृष्णमंदिरात प्रसादाच्या रांगेत मागून आवाज आला, "अगो बाय! ही तर आमच्या मलईचोरांची सून!"

रखमाबाई. दात पडले होते, आवाज होता तसाच. तिचा जितेश वादी अदाईला राहतो, त्याने आईला तीन महिन्यांसाठी बोलावलं होतं. रांगेत आमच्या ओळखीच्या चार बायका होत्या. "मलईचोर म्हणजे?" एकीने विचारलं. रखमाबाईने प्रसाद हातात तसाच धरून सगळी गोष्ट सांगितली, पळीसकट.

पुढच्या आठवड्यात आकांक्षा शाळेतून हसत आली. "आजी, आपण मलईचोर आहोत? मला का नाही सांगितलं? इट्स सो क्यूट!"

"कोण म्हणालं?"

"सगळेच म्हणतात. मैथिलीच्या मम्मीने तिला सांगितलं. आणि आजी, महाराष्ट्र दिनाच्या प्रोग्रॅममध्ये मुलांनी 'आमच्या घरची गोष्ट' सांगायची आहे. मराठीत. पाच मिनिटं. मी नाव दिलं. टॉपिक, मलईचोर!"

माझ्या हातातली भाजीची सुरी तशीच राहिली. आम्ही बायकांनी विहिरीवर ऐकलं ते ऐकलं. आता ही पोर माझ्या डोळ्यांदेखत माइकवर उभी राहून साऱ्या मस्कतला सांगणार, की आम्ही चोर. म्हणजे ती लग्न होऊन जाईपर्यंत तेच नाव, आणि नंतर तिच्या पोरांनाही तेच.

"नाव काढून घे," मी म्हटलं.

"आता नाही काढता येत. लिस्ट खलास. फायनल."

"मग दुसरी गोष्ट सांग."

"दुसरी आहे का आपल्याकडे?"

मी विचार केला. नव्हती. दयानंदला सांगितलं तर तो बापासारखाच. "आई, दीडशे वर्षांपूर्वीची मलई ती. आंबून गेली असेल आता." सोनल तोंडावर पदर धरून हसली, आणि ती तर पदर घेत पण नाही, ओढणी होती.

दुसऱ्या दिवशी वाटी घेऊन खाली गेले तेव्हा तोंड उतरलेलं असणार. दार बाबामियाँनी उघडलं. बाबामियाँ म्हणजे खुदेजाचे सासरे, आमच्याच खाडीच्या पलीकडच्या तीरावरचे. चाळीस वर्षं मालवाहू जहाजांवर काढली, तांडेल होऊन उतरले, तांडेल म्हणजे खलाशांच्या टोळीचा पुढारी. आता गुडघे धरून बसतात आणि टीव्हीवरच्या बातम्यांशी भांडतात.

"काय वहिनी, कोणाशी लढून आलात?"

"लढले नाही अजून. लढायचंय," म्हटलं आणि रखमाबाईपासून माइकपर्यंत सगळं सांगून टाकलं. खुदेजा मला पाणी देत होती, पळीची गोष्ट ऐकून तिने पाणी सांडलं. हसू दाबताना असं होतं, मी बघून न बघितल्यासारखं केलं.

बाबामियाँ मात्र हसले नाहीत. "म्हातारा काय म्हणायचा? परत सांगा. जसंच्या तसं."

"दिवसभर तोफा डागल्या, पण मलई काही हाताला लागली नाही."

"तोफा डागल्या. आणि मलई हाताला लागली नाही." त्यांनी मान हलवली. "वहिनी, तुमच्या घरी दुधावर येते तिला काय म्हणतात?"

"साय."

"तुमच्या सासूबाई काय म्हणायच्या?"

"साय."

"गावात कोणी मलई म्हणतं?"

आमच्या गावात आजही कोणी सायीला मलई म्हणत नाही. मलई हा मुंबईच्या मिठाईवाल्याचा शब्द. गाव आम्हाला मलईचोर म्हणतं, पण स्वतःच्या दुधावरची मात्र सायच काढतं! मग इंग्रजी राज्यातला आमचा धाकू, ज्याने आयुष्यात मिठाईचं दुकान पाहिलं नसेल, तो मलई कशाला म्हणेल?

"आम्ही पिनांगला जायचो, सिंगापूरला जायचो," बाबामियाँ म्हणाले. "तिथला जो मूळ माणूस ना, त्याला आमचे सगळे खलाशी मलई म्हणायचे. मलई माणूस, मलई बोली, मलई मुलूख. माझा आजा पण तसंच म्हणायचा. वहिनी, तुमचा धाकू दूध नव्हता शोधत. माणसं शोधत होता!"

मी उठले ती वाटी त्यांच्याच टीव्हीवर ठेवून निघाले. जिना चढताना गुडघे दुखले नाहीत. वर जाऊन आकांक्षाच्या कानातल्या त्या वायरी ओढून काढल्या. "मलई म्हणजे माणसं! शोध! इंग्रजांनी मलई माणसांवर तोफा कधी डागल्या, शोध! यल्ला!"

"आजी, तू अरबी बोललीस," पोर म्हणाली आणि लॅपटॉप उघडला.

तिला दोन दिवस लागले. तिच्या इतिहासाच्या टीचरलाही तिने विचारलं. आधी सापडेना, कारण ती दूध शोधत नव्हती तरी शब्द नीट बसत नव्हता. मग ओरडली, "आजी, मले! आम्ही मले म्हणतो. मलेशियातले लोक!"

मग पोरीने मला जे वाचून दाखवलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. तिकडे पहांग म्हणून एक राज्य. बाप मेला आणि दोन भाऊ गादीवरून भांडायला लागले. ह्यात नवल काही नाही, आमच्या गावात दोन फणसांवरून भांडतात. इंग्रज सिंगापुरात बसलेले. त्यांना वाटलं मोठ्याचं बरं. धाकट्याच्या पाठीशी होता एक गादीवरून उतरवलेला राजा, आणि तो पाहुणा म्हणून राहिला होता वरच्या अंगाला, त्रेंगानू नावाच्या बंदरात. इंग्रजांनी तिथल्या सुलतानाला निरोप धाडला, पाहुण्याला हाकला. सुलतान आज करतो उद्या करतो करत राहिला. तेव्हा अठराशे बासष्ट साली इंग्रजांच्या युद्धाच्या आगबोटी बंदरासमोर आल्या आणि किल्ल्यावर तोफा डागल्या.

"दिवसभर?" मी विचारलं.

"काही तास, असं लिहिलंय."

"आमचा धाकू तासाचा दिवस करणारच. पुढे?"

"पुढे, तो राजा सापडलाच नाही. लोक सगळे आधीच पळाले. आणि आजी, ज्या मोठ्या भावासाठी हे केलं, तो नंतर हरलाच. धाकटा भाऊ जिंकला. आणि इंग्लंडमध्ये त्यांच्याच लोकांनी पार्लमेंटमध्ये विचारलं, हे का केलं?"

मी टाळी वाजवली. दिवसभर तोफा डागल्या, पण मलई काही हाताला लागली नाही! अक्षर न् अक्षर खरं.

"पण आजी, धाकू पणजोबाचं नाव कुठेच नाहीये. खलाशांची नावं लिहिलीच नाहीत. ते त्याच बोटीवर होते, हे प्रूव्ह नाही होत."

"मलई, तोफा आणि रिकामे हात. ह्याहून काय प्रूव्ह पाहिजे? लिही आता. धाकू तोफेवर उभा राहिला. एका गोळ्यात बुरूज पाडला. हात भाजला तरी हटला नाही—"

"आजी, दॅट्स लाइंग. आणि... तू ऐक ना पूर्ण." तिने स्क्रीन माझ्याकडे वळवला, जसं काही मला वाचता येणार होतं. "किल्ला सोडून गोळे गावात पण पडले. तिथे मच्छीमार राहायचे. झोपड्या होत्या. ते लोक मुलांना घेऊन जंगलात गेले. पहांगच्या भांडणाशी त्यांचा काही कनेक्शन नव्हता."

मला आमचा खारवीवाडा दिसत होता. वाळूवर ओढलेल्या होड्या, सुकत घातलेलं जाळं, चुलीवर भात. आणि समुद्रातून कोणीतरी, ज्याला आपण ओळखत नाही, ज्याच्या भांडणात आपण नाही, तो आपल्यावर आग टाकतोय. पोरांना काखेत घेऊन डोंगराकडे पळणाऱ्या बाया. मलईचोर बरे होते की काय, असंही मनात आलं. साय चोरली तर कोणाचं घर जळत नाही.

संध्याकाळी बाबामियाँना सांगितलं तर म्हणाले, "वहिनी, त्याचा हात भाजलेला होता ना? मग तो बॉयलरपाशी असणार, कोळशावर. कोळसा टाकणाऱ्याला विचारून कोणी तोफ डागत नाही."

"पण बोट त्याच्याच कोळशावर तिथवर गेली ना?"

"गेली," ते म्हणाले, आणि आम्ही दोघं चहा प्यायलो.

आकांक्षाने गोष्ट लिहिली. मला बुरूज पाडायचा होता, तिला पाडायचा नव्हता. शेवटपर्यंत आमचं जमलं नाही. ती म्हणाली, "आजी, जे आहे तेवढंच सांगते." मी म्हटलं, "सांग मग. हसले तर मला सांगू नकोस."

कार्यक्रमाला रुवीच्या हॉलमध्ये ही गर्दी. बाहेर ऊन असं, की चपला चिकटत होत्या, आत एसी असा, की दयानंदने कौतुकाने वर बघितलं, त्याच्या माणसांनी बसवला होता. रखमाबाई येऊन नेमकी माझ्या शेजारी बसली. नऊवारी, नाकात नथ, हातात पंखा. एसीत पंखा! मागच्या रांगेत बाबामियाँ आणि खुदेजा. त्यांना मीच आणलं होतं.

"तुझी नात बोलणार ना गो? मलईवर?"

"बोलेल. तू ऐक."

आकांक्षा आली. निळा परकर-पोलका, हातात कागद.

"नमस्कार. माझे... माझ्या खापरपणजोबांच्याही आधीच्या आजोबांचं नाव धाकू होतं. ते खलाशी होते. इंग्रजांच्या बोटवर." मग दोन भाऊ आले, पाहुणा राजा आला, सुलतान आला. पोरीने चांगलं सांगितलं, अडखळत पण धीराने. मग तिने कागद उलटला आणि पान चुकलं. मलई कोण हे ज्या पानावर लिहिलं होतं तेच गळलं. "मग इंग्रजांनी खूप तोफा डागल्या. आणि... सगळी मलई पळून गेली."

हॉलमध्ये हशा फुटला. मागून एकजण ओरडला, "फ्रीजमध्ये ठेवायची होती!" रखमाबाई तर पंख्याने मांडी बडवत होती. "अगो शहाळ्यातली असेल! शहाळ्यातली मलई सटकते हो!" आकांक्षाचा चेहरा परकराच्या काठासारखा लाल झाला. ती कागद वरखाली करत होती आणि पान काही सापडत नव्हतं. मग तिने कागद खाली केला आणि सगळ्या हॉलमधून नेमकं माझ्याकडे बघितलं.

मी उठले. उठताना रखमाबाईच्या पायावर पाय पडला, तो मुद्दाम नव्हता, पण पडला ते बरं झालं.

"हसून झालं?" मी जागेवरूनच विचारलं. माझ्या आवाजाला माइक लागत नाही. खाडीपलीकडच्या होडीवाल्याला हाक मारून बोलावणारी बाई मी. "झालं असेल तर ऐका. मलई म्हणजे दूध नव्हे. मलई म्हणजे मलाया मुलखातली माणसं. आमच्या खलाशांचा शब्द आहे, मागे बाबामियाँ तांडेल बसलेत, विचारा त्यांना."

बाबामियाँ गुडघे धरून उभे राहिले. "बरोबर आहे," म्हणाले आणि बसले.

"त्या माणसांवर साहेबाने तोफा डागल्या. आमचा धाकू त्या बोटीवर कोळसा टाकत होता. मला वाटत होतं, नातीने सांगावं की त्याने बुरूज पाडला. त्याने काही पाडलं नाही. जे पडलं ते कोळ्यांच्या झोपड्यांवर पडलं, तुमच्याआमच्यासारख्यांच्या. ह्यात मिरवण्यासारखं काही नाही आणि आम्ही मिरवत नाही. पण आम्ही चोर नाही. रखमाबाई, ऐकतेस ना? आकांक्षा, म्हातारा काय म्हणायचा ते सांग आता."

पोरीने माइक दोन्ही हातांनी धरला. कागदाकडे बघितलंच नाही. "दिवसभर तोफा डागल्या, पण मलई काही हाताला लागली नाही."

मग आधी मागच्या रांगेतून कोणीतरी फिसकलं, मग दुसरं, आणि मग सगळा हॉल पुन्हा हसला. पण ह्या वेळी हसू बरोबर ठिकाणी पडलं होतं. एवढ्या मोठ्या आगबोटी, एवढा दारूगोळा, एवढा रुबाब, आणि हातात काही नाही!

"म्हणजे," आकांक्षा म्हणाली, आणि आता तिच्या आवाजात माझा आवाज होता हे मी शपथेवर सांगते, "म्हणजे त्यांनी जोक केला होता. साहेबावर. आणि आपण दीडशे वर्षं तो समजलोच नाही. थँक्यू."

टाळ्या वाजल्या. बक्षीस मिळालं नाही, ते गोंधळ घालणाऱ्या एका कोंबडीच्या गोष्टीला मिळालं. मला परीक्षकांबद्दल काही म्हणायचं नाही. म्हणायचं ते मी त्यांना तिथेच म्हटलं.

आणि मला तेव्हा कळलं, मी पडवीतल्या त्या म्हाताऱ्याला कधी पाहिलं नाही, पण त्याला ओळखते. घरादारावर आग टाकणाऱ्या साहेबाला तोंडावर बोलता येत नव्हतं, म्हणून घरी येऊन मरेपर्यंत हसला. अठ्ठेचाळीस वर्षं ह्या घरात सगळे म्हणायचे, जयवंतीची जीभ माहेरची. नाही. ती सासरची निघाली.

रखमाबाई लंगडत निघून गेली. पण दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी नऊला, टॅक्सी करून दार्सैतला आली. एकटी. तीन जिने चढून, धापा टाकत.

"पाय बरा आहे का?" मी विचारलं.

"सुजलाय. तू तुडवलास."

"बस."

ती बसली. नथ सारखी केली. "गावात फोन केला मी काल," ती म्हणाली. "सगळ्यांना सांगितलं. आता काय म्हणायचं गो तुमच्या घराला? तोफवाले म्हणू?"

"नको. तोफ आमची नव्हती." मी दुधाचं पातेलं उघडलं. रात्रीच्या दुधावर जाड, पिवळसर, सुरकुत्या पडलेली साय. सवयीने वाटी हातात घेतली, आणि मग वाटी ठेवून बशी घेतली. दोन बशा. साय काढली, वरून साखर भुरभुरली, शेजारी कालची पोळी. "मलईवालेच राहू दे. फक्त चोर काढ."

"काढला," रखमाबाई म्हणाली आणि बशी ओढली.

पहिला घास तोंडात घातला आणि मी डोळे मिटले. अठ्ठेचाळीस वर्षं! अठ्ठेचाळीस वर्षं मी हिला हात लावला नाही आणि गेली दोन वर्षं ती खुदेजा एकटी खात होती!

तेवढ्यात दारात खुदेजाच. हातात रिकामी वाटी. "मावशी, आज मलई आली नाही म्हणून म्हटलं बघावं—"

माझं तोंड भरलेलं. रखमाबाईचंही. खुदेजाने आमच्या बशा पाहिल्या, माझ्या मिशीवरची साय पाहिली.

"नाही यायची ती आता," मी म्हटलं. "आमच्या हाताला लागली."